खरवडून उरतं ते चित्र

कावी, म्हणजे कोकणकिनाऱ्यावरची भिंतींवरची लाल-पांढरी नक्षी, बघायला भर दुपारी गेलं तर निम्मं चित्र बुडतं. ऊन डोक्यावर असतं, ओसरीत उजेड सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि भिंतीवर लाल-पांढऱ्या नक्षीचा पट्टा तेवढा दिसतो, साडीच्या काठासारखा सपाट. सकाळी आठ-साडेआठला जावं, नाहीतर उन्हं कलल्यावर. उजेड भिंतीला घासून आडवा आला की प्रत्येक पाकळीच्या कडेला केसाएवढी सावली उमटते. मग कळतं, की लाल वर आहे आणि पांढरं खाली. पांढऱ्या भिंतीवर कुणी लाल कुंचला फिरवलेला नाही. सगळी भिंत आधी लाल केली, आणि जिथं पांढरं हवं होतं तिथलं लाल काढून टाकलं.

सिंधुदुर्गापासून गोव्यातून खाली उत्तर कन्नड जिल्ह्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं हे काम पसरलं होतं. देवळांच्या भिंती, सभामंडपाच्या कमानी, मठ, तुळशी वृंदावनं, ऐपतदार घरांच्या ओसऱ्या. पेडण्यात मोरजीला मोरजाईच्या देवळात ते अजून बघायला मिळतं. नावात काही गूढ नाही. काव म्हणजे तांबडी माती. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला फासतात ती. कावेनं रंगवलेली म्हणून कावी. या मातीलाच कुणी हुरमुंजी म्हणतात, आणि तो शब्द थेट इराणच्या आखातातल्या होर्मुझच्या तांबड्या मातीकडे बोट दाखवतो. आपल्याकडे मात्र त्या रंगासाठी आखातात जायची गरज कधी नव्हती. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीत पायाखाली तोच रंग असतो.

इटलीत स्ग्राफितो नावाचं याच जातीचं काम होतं. सोळाव्या शतकात चित्रकार-लेखक वासारीनं त्याची कृती लिहून ठेवली आहे: जळक्या गवतानं करडा केलेला गिलावा, त्यावर चुन्याची सफेती, आणि लोखंडी टोकानं सफेती खरवडून उघड्या केलेल्या करड्या रेघा. हे वाचून कावी पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरली असं म्हणायचा मोह होतो. पण थर उलटे आहेत. तिथं गडद तळाशी आणि पांढरं वर, इथं पांढरं तळाशी आणि लाल वर. शिंपल्यांचा चुना आणि गूळ तर इथलाच. ओला चुना आणि टोकदार लोखंड हाताशी असलेल्या माणसाला ही युक्ती कुठंही सुचावी, इतकी ती सरळ आहे. या वादात फार रमू नये. भिंत त्याहून जास्त बोलते.

आणि भिंतीची सुरुवात होते ती समुद्रात. तिसऱ्या, खुबे, कालवं यांची टरफलं धुऊन, वाळवून, कोळशाबरोबर थरावर थर लावून भट्टीत जाळतात. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला टरफलातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. टरफल अगदी शुद्ध धरलं तरी १०० किलोमागे हाती लागतात ५६ किलो, बाकीचं हवेत. भाजलेला शिंपला दिसायला तसाच असतो, पण उचलला की हलका लागतो आणि बोटांत दाबला की चुरा होतो. जो दाबूनही चुरत नाही तो कच्चा, बाजूला काढायचा.

मग तो पाण्यात विझवायचा. पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर उकळून अंगावर उडतो आणि डोळ्याला कायमची इजा करतो. विझलेला चुना बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली मुरत ठेवतात. मुरला की तो लोण्यासारखा लागतो आणि थापीला चिकटत नाही. इथं आळस केला तर भिंत सूड उगवते, तोही उशिरा. न विझलेला ज्वारीएवढा कण गिलाव्यात राहून गेला, तर काही महिन्यांनी हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरचा रुपयाएवढा टवका उडवून देतो. जुन्या भिंतीवर गोल खळगा दिसला आणि त्याच्या तळाशी पांढरा ठिपका असला, तर तो दगड लागून पडलेला नसतो. भट्टीवरच्या किंवा चाळणीवरच्या माणसाची घाई तिथं दिसते.

वाळू नदीची, आणि तीही धुतलेली. समुद्रकिनारा दोन पावलांवर असताना नदीवर कशाला जायचं, असं वाटतं खरं. पण किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असतं. पावसाळ्यात ते ओल धरतं, कोरड्या हवेत त्याचे खडे होतात, आणि दर वर्षी हे चक्र फिरत राहिलं की गिलाव्याचा आतून भुगा होतो. त्याला आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो.

चुना, वाळू आणि गूळ एकत्र करून पंधरा दिवस आंबवत ठेवायचं आणि मग कुटायचं, ही या कामाची जुनी रीत. गूळ चिकटपणासाठी घालतात हे अर्धं खरं. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, लगदा मऊ राहतो आणि सुकायला वेळ घेतो. खरवडायचं काम ज्या भिंतीवर करायचं आहे तिला हा वेळच हवा असतो. गूळ मात्र हात आखडूनच घालायचा. जास्त झाला की थर धड घट्ट होत नाही, आणि वर मुंग्यांना आमंत्रण जातं ते वेगळं. कुटण्याला दुसरी वाट नाही. लगदा थापीवरून सलग, न तुटता सरकायला लागला की झालं.

आता लालच का? देवीचा रंग, सौभाग्याचा रंग ही उत्तरं भिंतीच्या बाहेरची. भिंतीच्या आतलं उत्तर असं, की ओला चुना जहाल अल्कली असतो आणि त्यात फार थोडे रंग जगतात. हळद घालून बघा, चुना लागताच लाल होते. कुंकू असंच तयार होतं. पण हा लाल उन्हात टिकत नाही. फुलापानांच्या रंगांची गतही तीच. काव म्हणजे लोहाचा गंज. तो आधीच गंजून चुकलेला असतो, चुना त्याला आणखी काय करणार? ऊन नाही, पाऊस नाही, चुना नाही, कशानेही तो बदलत नाही. तांबड्या मातीच्या मुलखात सगळ्यात स्वस्त रंगच सगळ्यात टिकाऊ निघाला, हे भाग्य म्हणायचं.

काव बारीक वाटून, पाण्यात कालवून, जड रेती तळाला बसू द्यायची आणि वरचं गढूळ पाणी ओतून घेऊन त्याचा गाळ वापरायचा. चुन्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त माती घालू नये. रंग गडद हवा म्हणून हात सैल सोडला तर धरून ठेवायला चुना पुरत नाही आणि पुढे भिंतीला टेकणाऱ्या प्रत्येकाचा सदरा लाल होतो.

चिरा स्पंजासारखा पाणी पितो. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवली नाही, तर ती गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि थर सुटून येतो. तळाच्या जाड थराला एक वाटा चुन्याला तीन वाटे वाळू, वरच्या पांढऱ्या थरात वाळू कमी आणि बारीक. तो ओला आहे तोवरच त्यावर लाल थर. ऋतूही पाहावा लागतो. पावसाळ्यात भिंत दिवसचे दिवस ओलीच राहते, एप्रिल-मेमध्ये दुपारच्या आत सुकून तडकते. दिवाळीनंतर शिगम्यापर्यंतचे दिवस चांगले. एका दिवसात जेवढं खरवडून होईल तेवढाच लाल थर सकाळी चढवायचा. उरलेला उद्यावर ठेवता येत नाही. योग्य घडी अंगठ्याने कळते. दाबल्यावर ठसा उमटावा, पण अंगठा लाल होऊ नये. त्याआधी हात घातला तर कडा ओघळतात, उशीर केला तर टवके उडतात. या दोन चुकांच्या मधले काही तास म्हणजे सगळी कावी.

त्यातलं एक फूल जवळून बघू. सहा पाकळ्यांचं, देवळाच्या पट्ट्यात वारंवार येणारं. ते आखायला भूमिती शिकलेला माणूस लागत नाही. बांबूची एक कामटी, तिला दोन भोकं. एकात खिळा, दुसऱ्यात टोक. दोरा वापरता येतो, पण ओल्या भिंतीवर तो भिजतो, ताणतो आणि दगा देतो. आधी वर्तुळ. मग तेच अंतर कायम ठेवून खिळा परिघावर टेकवायचा आणि आत कमान मारायची. कमान परिघाला जिथं कापते तिथं पुढचा खिळा. सहाव्यांदा खिळा बरोबर निघाल्या जागी परत यायला हवा. नाही आला तर कामटी हलली, आणि आताच थांबलेलं बरं; अजून काही खरवडलेलं नाही. अशा कामटीने आखलेल्या फुलाच्या मधोमध बोटाने चाचपलं तर पुष्कळदा तो खिळ्याचा टोचा सापडतो.

आता प्रश्न असा, की काढायचं काय? पाकळ्या काढून पांढऱ्या करायच्या, की पाकळ्या लाल ठेवून मधल्या जागा काढायच्या? दोन्हींपैकी काहीही केलं तरी मध्यावर सहा टोकं येऊन भिडतात आणि सुईसारखी बारीक होतात. ओल्या चुन्याची सुई टिकत नाही. म्हणून मधे एक छोटी लाल चकती राखायची. सगळी टोकं तिच्यात विरतात. बघणाऱ्याला ती केसर वाटते, आणि वाटू द्यावी. पण शोभेइतकाच त्यात टेकूही आहे.

खरवडायचं हत्यार म्हणजे लोखंडी टोच्या, दाभणासारखा. आधी त्यानं कड कापायची, आणि तो किंचित कलता धरायचा, म्हणजे लाल कड वर निमुळती आणि तळाशी रुंद होते. उलटा कललेला हात कडेच्या पोटात शिरतो. ती कड आज छान दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात गळून पडते. कड कापून झाली की चपट्या पात्यानं आतलं लाल काढायचं, नेहमी कडेकडून मधे, कधीही मधून कडेकडे नाही. काम वरून खाली, कारण चुरा खाली पडतो. आणि तो चुरा फडक्याने पुसायचा नाही. ओलं पांढरं तोंड उघडं ठेवून बसलेलं असतं. फडकं फिरलं की लाल भुकटी त्यात घुसते आणि पांढऱ्याचं गुलाबी होतं. ते पुन्हा पांढरं होत नाही. फुंकर मारायची, नाहीतर पडेल तसा पडू द्यायचा. एखाद्या भिंतीवर सगळा पट्टा गुलाबी दिसला, तर कारागिराने मुद्दाम तिसरा रंग वापरला असं समजू नये.

चूक दुरुस्त करता येत नाही. काढलेल्या जागी नवा लाल भरला तर तो वेगळ्या छटेला सुकतो, ठिगळ दिसतं. त्यामुळे चुकलेली पाकळी पान होते, पान वेलीला वळण देतं. कमानीच्या कोपऱ्यात, जिथं पट्टा वळतो आणि माप जुळत नाही, तिथं अशा जागा शोधाव्यात. सरळ पट्ट्यात परंपरा दिसते, कोपऱ्यात माणूस.

शेवटी पाणी शिंपडत गुळगुळीत गोट्यानं घोटायचं आणि काही दिवस ओल राखायची. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड परत घेतो. भट्टीत जे गमावलं तेच. भिंतीचा पुन्हा शिंपला होतो म्हणा ना. लाल कण त्या दगडी सायीत अडकून बसतात, म्हणून वर वेगळा डिंक, वॉर्निश काही लागत नाही. ॲक्रिलिकने कॅनव्हासवर लाल-पांढरी नक्षी रंगवून तिला कावी म्हणण्याची पद्धत आता पडली आहे. नक्षी जिवंत राहते हे मान्य. पण त्यात काढून टाकणं नाही आणि घड्याळही नाही, म्हणून तिला कावीची नक्कल म्हणावं, कावी नव्हे.

हे सगळं डोक्यात घेऊन चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की बघणं बदलतं. गायतोंडे १९२४ साली नागपूरला जन्मले, आईवडील गोव्याचे. १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका. त्यांनी कावी पाहून काही घेतलं असं सुचवायचं नाही. फक्त हाताची रीत शेजारी ठेवून बघू. ते रंग रोलरने चढवत, पॅलेट नाइफने ओढून काढत. कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगात वापरून रंग उचलून घेत. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच चित्रं पूर्ण होत. बाकीचा वेळ बसून राहण्यात, बघण्यात जाई. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना रुचत नसे, ते त्यांना नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. अमूर्त म्हटलं की कुठली तरी मूर्त वस्तू आधी होती आणि तिचं काहीतरी केलं असा अर्थ होतो. त्यांच्याकडे सुरुवातीला वस्तूच नव्हती. थर होता.

तेलरंगात चुन्यासारखा तासांचा हिशेब नसतो, दिवसांचा असतो. थर फार ओला असताना पातं ओढलं तर खालचा रंग मिसळून चिखल होतो. पार सुकल्यावर ओढलं तर ओरखडे उठतात. मधल्या अवस्थेत पातं फिरलं की वरचा रंग निघतो आणि खालचा आतून उजेड असल्यासारखा वर येतो. गायतोंड्यांच्या चित्रातला तो प्रसिद्ध प्रकाश रंगवलेला नाही, उघडा केलेला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत. तिथं दिवे लागलेल्या दालनातही एकदा बाजूला सरकून, कॅनव्हासच्या कडेकडून बघावं. पात्याने जिथं थांबायचं ठरवलं त्या जागी रंगाची बारीक वरंबी उभी असते. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास त्यांना झेपेनात, तेव्हा कागदावर शाईची लहान कामं झाली. त्यांत काढायला थरच नाही. मला ती थोडी पोरकी वाटतात, पण हे मत बाजूला ठेवून बघायला हरकत नाही.

त्याच १९२४ साली बार्देशात साळगावला चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा जन्मले. स्वभाव अगदी उलटा. गायतोंडे मौनातले, सूझा भांडखोर. १९४५ मध्ये जे. जे. मधून काढून टाकलेले, १९४७ मध्ये मुंबईतल्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांत पुढे. त्यांची जाड काळी रेघ सगळ्यांना ठाऊक असते. लंडनच्या टेट संग्रहालयातला १९५९ चा ‘क्रुसिफिक्शन’ पाहा, रेघ काट्यासारखी टोचते. पण काढून टाकण्याचा खेळ त्यांनीही खेळला. छापील मासिकांच्या गुळगुळीत पानांवर रसायन लावून ते छापील शाई विरघळवत, पसरवत, आणि उरलेल्या डागांतून व त्यांवर रेखाटत. कुणाच्या तरी जाहिरातीचं पान असं अर्धं पुसून निघे आणि त्यातून सूझांचा चेहरा बाहेर येई.

त्याहून कावीला जवळची म्हणजे त्यांची १९६०च्या दशकातली काळ्यावर काळी चित्रं. लंडनला १९६६ मध्ये ती मांडली होती. सगळं काळं. आकार दिसतात ते रंगाच्या जाडीतून आणि चकाकीतून. समोरून फोटो काढला तर काळी पाटी. दोन पावलं डावीकडे सरकलं, की डोकं, नाक, खांदा उजेडात येतात. उजवीकडे सरकलं की पुन्हा बुडतात. ओसरीतल्या आडव्या उन्हाचं तेच गणित.

इकडे भिंतींचं काय चाललंय? दर जत्रेआधी देऊळ स्वच्छ दिसावं म्हणून सफेती मारतात, आणि वर्षानुवर्षांच्या सफेतीने खोबणी भरत जातात. हे नुकसान त्यातल्या त्यात बरं, कारण चुन्यावर चुना बसलाय आणि तो निघू शकतो. तैलरंगानं लाल पुन्हा गडद केलेलं जास्त वाईट. भिंतीचा श्वास कोंडतो. सगळ्यात वाईट सिमेंट. चिऱ्याची भिंत ओल घेते आणि चुन्यातून सोडते. सिमेंटचा पट्टा मारला की ती ओल शेजारच्या जुन्या चुन्यातून वाट काढते, जाताना मीठ आणते, आणि दुरुस्ती शाबूत राहून तिच्या भोवतीची कावी गळते. बघणाऱ्याला वाटतं सिमेंट किती मजबूत.

सफेती काढायला ॲसिड वापरू नये. ते सफेतीबरोबर खालचा चुनाही खाऊन टाकतं. तारेचा ब्रशही नको. बांबूची चिपाटी एका टोकाला छिन्नीसारखी तासून घ्यावी. ती सफेतीपेक्षा कडक आणि घोटलेल्या लालपेक्षा मऊ असते. आधी एका कोपऱ्यात बोटभर जागेवर करून बघावं. लाल पोकळ वाजत असलं तर तिथं हात लावू नये, आधी मागे चुन्याचा पातळ लगदा सोडून ते बसवावं लागतं. ठाक वाजलं तर चिपाटी आडवी धरून पाकळीच्या मधून सुरुवात करावी. कड आली की वेग अर्ध्यावर आणावा. दिवसाला वीतभर निघालं तरी पुष्कळ. शेजारी दिवा ठेवायचा तो भिंतीलगत, आडवा.